रागाला त्याची वेळ

ध्वनिमुद्रणाने आपल्या रागसंगीताला पहिली अट घातली ती वेळेची. 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात गौहरजान यांचा आवाज मुद्रित करायला बसले, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत होती. तासभर उलगडणारा राग तेवढ्यात मांडायचा होता. गौहरजान यांनी तो मांडला. पुढे तीसच्या दशकात अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्याच जागेत असे स्वर ठेवले, की ती ध्वनिमुद्रणं ऐकताना काही राहून गेलं असं आजही वाटत नाही. तरी विस्तार कुठे थांबवायचा हे आधी तबकडी ठरवायची आणि मग गवई.

1948 मध्ये अमेरिकेत कोलंबियाने एलपी आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं बसू लागली. कॅसेटने एका बाजूला तीस किंवा पंचेचाळीस मिनिटं दिली. 1982 मध्ये सीडी बाजारात आली आणि 74 मिनिटांची सलग जागा मिळाली. आता फाइल आली, आणि फाइलला बाजूच नसते. पन्नास मिनिटांचा विलंबित ख्याल असो की दोन तासांची अख्खी मैफल, कुठेही न उठता, काहीही न उलटता ऐकता येते. शंभराहून अधिक वर्षांत पहिल्यांदाच ध्वनिमुद्रण म्हणतंय, तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या.

म्हणून घरच्या हायफायला डिजिटल संगीत पोहोचवणारं यंत्र निवडायची वेळ आली, तेव्हा मी किमतीच्या आणि आकड्यांच्या आधी एकच प्रश्न समोर ठेवला. यातून एखादा ख्याल पहिल्या आलापापासून शेवटच्या तिहाईपर्यंत माझ्यापर्यंत अखंड येईल का? पुढचे बहुतेक निर्णय या प्रश्नानेच सोडवले.

आमच्याकडे बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, कोलकात्याच्या सोनोडाइन कंपनीचा. त्याच्या पाठीमागे लाल-पांढऱ्या सॉकेटच्या जोड्या आहेत: फोनो, ट्यूनर, टेप, ऑक्स. हा अ‍ॅम्प्लिफायर बनला तेव्हा इंटरनेट कुणाच्या घरात नव्हतं, पण त्या ऑक्सच्या जोडीला आजचं कुठलंही यंत्र जोडता येतं. डिजिटलचा कितीही मोठा प्रवास झाला तरी शेवटी त्याला दोन व्होल्टच्या आसपासचा साधा विजेचा संदेश होऊन याच दोन भोकांतून आत यावं लागतं. हे लक्षात आलं आणि निवडीतली निम्मी धास्ती गेली. जुनं काढून टाकायचं नव्हतं. त्याच्या अलीकडे दोनच कामं करणारं काहीतरी हवं होतं: वाय-फायवरून किंवा लॅन केबलवरून संगीताचे आकडे आणणारा स्ट्रीमर, आणि त्या आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करणारा डॅक. पुष्कळ यंत्रांत ही दोन्ही एकाच डबीत असतात.

आकड्यांचं गणित एकदा शांतपणे समजून घेण्यासारखं आहे, कारण बाजारातली भीती आणि हाव दोन्ही त्याच्या आडून येतात. सीडीच्या पद्धतीत आवाजाची लहर सेकंदाला 44,100 वेळा मोजली जाते. माणसाचा कान फार तर वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि एखादी लहर पुरती पकडायला तिच्या दुपटीहून थोड्या जास्त वेळा मोजणी पुरते. प्रत्येक मोजणी 16 बिटांत लिहिली की सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे 96 डेसिबलचं अंतर मिळतं. दिवाणखान्यात कुणी गातंय असं समजलं तर एवढं अंतर भरपूर आहे. डाव्या-उजव्या दोन्ही बाजू धरून सेकंदाला 1,411 किलोबिट होतात. फ्लॅक नावाच्या पद्धतीने हा ऐवज एकही आकडा न गमावता निम्म्या-पाऊण आकारात बसतो, आणि एक टेराबाइटच्या डिस्कवर दोन-अडीच हजार तासांचं संगीत सहज राहतं. ब्लूटूथची सर्वसाधारण पद्धत मात्र सेकंदाला सव्वातीनशे किलोबिटांच्या आसपासच वाहून नेते, म्हणजे वाटेत काही सोडून द्यावंच लागतं. शिवाय ज्या फोनवरून गाणं येतं तो दुसऱ्या खोलीत गेला की गाणंही अडखळतं. मला घरात हवा होता तो वाय-फायचा रस्ता. त्यात फोन फक्त काय लावायचं ते सांगतो, संगीत राऊटरकडून थेट यंत्राकडे जातं, आणि नंतर फोन बंद केला तरी राग चालू राहतो.

24 बिट आणि 192 किलोहर्ट्झच्या मोठ्या आकड्यांबद्दल मी माझ्यापुरता निर्णय घेतला. मुद्रण करताना आणि जुनी मुद्रणं साफ करताना ते आकडे उपयोगाचे असतात, कारण तिथे चुकायला मोकळी जागा लागते. ऐकणाऱ्याला सीडीएवढं पुरतं. तीसच्या दशकातल्या तबकडीवर वरच्या पट्टीतला आवाज मुळातच उमटलेला नाही; तो कितीही मोठ्या फाइलमध्ये ठेवला तरी नव्याने जन्माला येत नाही. ज्या मुद्रणात गवयाचा श्वास आहे, तंबोरा आहे, डग्ग्याचा घुमारा आहे, ते साध्या 16 बिटांत असलं तरी मला प्रिय आहे.

यंत्राची परीक्षा घ्यायची तर आपल्याकडे तंबोऱ्याएवढी कडक कसोटी दुसरी नाही. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जे वाद्य घडवलं, त्यात घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढली जाते. तार छेडली की ती त्या उतारावर पुन्हापुन्हा हलके टेकते, आणि एका स्वरातून कितीतरी स्वरांश फुटतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर लिहिलं. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वरांशांचा स्थिर बिंदू येतो ते उमटू नयेत असा भौतिकीचा नियम होता, आणि तंबोऱ्यात व वीणेत ते ठळक उमटतात हे त्यांनी दाखवलं. या स्वरांशांतूनच तो स्वयंभू गंधार ऐकू येतो. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्झचा असतो. त्याच्या पाचपट, साडेतीनशेच्या जवळ, कुणीही न छेडलेला गंधार तरंगत राहतो.

म्हणून मी कुठलंही यंत्र ऐकायला बसले की गायन सुरू व्हायच्या आधीच्या अर्ध्या मिनिटाकडे कान लावते. फाइल फार दाबलेली असेल तर जवारी पाणचट होते, तिच्यात खळखळ येते, आणि जोडीतले दोन तंबोरे एकमेकांत मिसळून जातात. फाइल नीट असेल तर दोन्ही वेगळे राहतात आणि गंधार आपोआप येतो. या कसोटीवर मला जे आढळलं ते मोकळेपणाने सांगावंसं वाटतं: नीट बनवलेले आजचे साधे डॅक सगळे उत्तीर्ण होतात. महागडा आणि मध्यम डॅक यांत मला फरक ऐकू आला तो इतका बारीक होता, की त्यासाठी कुणी घरखर्चाला कात्री लावावी असं मी म्हणणार नाही.

स्पीकरचं तसं नाही. बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरचे सुकलेले कपॅसिटर बदलायला मी पुण्यात बुधवार पेठेत एका जुन्या कारागिराकडे गेले होते. काम करता करता त्यांनी विचारलं, "ताई, नवं काय काय घेताय?" मी यादी सांगितली. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "डबीवर एक भाग घाला, स्पीकरवर तीन. आणि खोलीला काही द्यायचं विसरू नका." "खोलीला काय देऊ, काका?" "पडदा द्या, सतरंजी द्या, पुस्तकांचं कपाट द्या."

त्यांचं ऐकलं याचा मला आनंद आहे. समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये टाळी वाजवली तर जी झणझण उमटते, तीच तबल्याच्या प्रत्येक बोलाच्या मागे लागते. कपाट आणि जाड पडदा आल्यावर 'धिन' आणि 'धा' यांच्यामधली शांतता स्वच्छ झाली. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले आणि डग्गा फुगायचा थांबला. त्याची मींड कुठून निघाली आणि कुठे पोहोचली ते कळू लागलं. आणखी एक गोष्ट खास आपल्या घरांची. परदेशी पुस्तिका खुर्चीवर बसणाऱ्याच्या कानाची उंची धरून स्टँड सुचवतात. आम्ही ऐकायला गादीवर मांडी घालून बसतो. मी स्टँड बुटके करून घेतले, आणि तानेतलं स्वरांचं दाणेदारपण डोक्यावरून निघून जायचं थांबलं.

वेळेला दुसरी बाजू आहे, प्रहराची. पुण्यात 1953 साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात गाणं रात्रभर चालायचं आणि पहाटेचे राग पहाटे ऐकले जायचे. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर उघड्या मंडपात ध्वनिक्षेपक बंद झाले. लोकांच्या झोपेसाठी ते नियम हवेत असं मलाही वाटतं. पण त्यामुळे मध्यरात्रीचा दरबारी किंवा मालकंस आणि पहाटेचा ललत त्यांच्या प्रहरी ऐकायची जागा घरात सरकली. आता ती जबाबदारी घरच्या यंत्रावर आहे, आणि तिथे मोठ्या आवाजाचा काही उपयोग नाही. शेजारी झोपलेले असताना, भिंतीपलीकडे न जाईल इतक्या हळू आवाजात दरबारीचा आंदोलित गंधार पुरता ऐकू यायला हवा.

हळू आवाजात ऐकणं अवघड असतं, कारण आपला कान तसा आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवलं, की आवाज कमी होत गेला की माणसाला खर्जाचे स्वर इतरांपेक्षा जास्त वेगाने ऐकू येईनासे होतात. बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरवर 'लाऊडनेस' असं लिहिलेलं एक बटण आहे. लहानपणी ते आवाज वाढवायचं बटण वाटे. ते रात्रीसाठी आहे: आवाज कमी असताना खालचे स्वर थोडे उचलून कानाची तूट भरून काढण्यासाठी. आजच्या बऱ्याच स्ट्रीमरमध्ये हीच सोय अ‍ॅपमधून मिळते, आणि यंत्र निवडताना मी ती आवर्जून पाहिली. दुसरी काळजी आवाज कमी कुठे करायचा याची. स्ट्रीमरमध्ये आकडे लहान करून आवाज उतरवला तर दर सहा डेसिबलला साधारण एक बिट खर्ची पडतो. आत 24 बिटांत काम करणाऱ्या यंत्राला ते परवडतं, पण मी स्ट्रीमर पूर्ण आवाजावर ठेवते आणि अ‍ॅम्प्लिफायरची मूठ फिरवते. त्या मुठीला बाबांच्या बोटांची सवय होती, हेही त्याचं एक कारण आहे.

अखंडपणाच्या मार्गात सर्वांत मोठा अडथळा मला तांत्रिक वाटायचा नाही इतक्या साध्या जागी सापडला: दोन फाइलींच्या मधल्या पोकळीत. सीडीवर विलंबित आणि द्रुत यांचे पुष्कळदा दोन ट्रॅक केलेले असतात, तरी मैफलीत तंबोरे थांबलेले नसतात. काही यंत्रं पहिली फाइल संपवून दुसरी उघडताना अर्धा सेकंद गप्प राहतात. चित्रपटगीतांच्या यादीत ते कुणाच्या लक्षात येणार नाही. विलंबित एकतालातून द्रुत तीनतालात शिरताना तंबोरा तुटला, की रागाभोवती धरलेलं सगळं वातावरण सुटतं. म्हणून 'गॅपलेस', म्हणजे मधे पोकळी न सोडता वाजवण्याची क्षमता, माझ्या यादीत डॅकच्या नावाच्याही वर होती. दुकानात हे पाहायला दोन मिनिटं लागतात आणि ती जरूर घ्यावीत.

मग नावांचा प्रश्न. गौहरजान यांच्या तबकड्यांच्या शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगताना ऐकू येतात. ती मुद्रणं तबकड्या काढण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जायची, आणि कोणतं मुद्रण कुणाचं हे तिथल्या कामगारांना कळावं म्हणून ते नाव. आज तेच काम फाइलीला जोडलेल्या माहितीचं आहे, आणि ती माहिती बनवली गेली गायक, अल्बम आणि गाणं एवढ्यापुरती. राग कुठे लिहायचा, ताल कुठे, तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, मागे तंबोऱ्यावर बसून स्वर देणारी शिष्या कोण? मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवर अमाप संगीत आहे आणि मी त्यांची वर्गणी आनंदाने भरते; ज्या गवयांची नावं फक्त वाचली होती ते तिथे भेटले. पण तिथे 'मारवा' शोधला तर मारवा आणि मारवा थाटातलं बाकी सगळं एकत्र येतं, आणि साथीदारांची नावं बहुधा येतच नाहीत.

यासाठी घरचा संग्रह हवा आणि तो वाजवणारं मोकळं सॉफ्टवेअर हवं. पुष्कळ मराठी घरांत खासगी मैफलींच्या स्पूल आणि कॅसेटी जपलेल्या आहेत. आमच्याकडेही बाबांच्या कॅसेटी होत्या. त्यांचं डिजिटल रूप करून घेतलं आणि प्रत्येक फाइलीला राग, ताल, प्रहर आणि सगळ्या साथीदारांची नावं स्वतःच्या हाताने लिहिली. रासबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक घेऊन त्यावर लिरियन म्युझिक सर्व्हर चालवला की हे सगळे रकाने स्वतः आखता येतात. आता 'उत्तररात्र' असं निवडलं की त्या प्रहराचे राग समोर येतात, आणि हार्मोनियम वाजवणाऱ्याच्या नावाने शोधलं तर त्याने ज्यांना ज्यांना साथ केली ते सगळे एका यादीत येतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाखाली वाजवलेल्या माणसाचं सगळं काम असं एकत्र पाहताना मला फार बरं वाटतं.

हेच सॉफ्टवेअर टिकाऊपणाचा धडाही देतं. ते मूळ स्क्वीझबॉक्स नावाच्या यंत्रांसाठी लिहिलेलं. त्या यंत्रांचं उत्पादन 2012 मध्ये बंद झालं, पण सॉफ्टवेअरची संहिता सर्वांसाठी खुली होती, म्हणून जगभरचे लोक ती सांभाळत राहिले आणि ती जुनी यंत्रं अजून वाजतात. ज्या यंत्राचा प्राण केवळ कंपनीच्या सर्व्हरवर आणि अ‍ॅपवर आहे, ते सर्व्हर बंद झाल्या दिवशी मुकं होतं. तेव्हा घेण्याआधी विचारावं: इंटरनेट नसताना घरातल्या डिस्कवरचं संगीत हे वाजवेल का? डिजिटल बाहेर काढणारं सॉकेट याला आहे का, म्हणजे उद्या फक्त डॅक बदलता येईल? दोन्हींची उत्तरं 'हो' असतील तर ते यंत्र घरात बरीच वर्षं राहील.

आणि घर म्हणजे घरातली माणसं. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "हे लावायचं कसं? मला तो फोन हातात देऊ नकोस." तिचं म्हणणं माझ्या मूळ प्रश्नाच्या फार जवळचं होतं. फोन हातात असला की बंदिशीच्या मधोमध कुणाचा तरी निरोप येतो, पुढचं काहीतरी खुणावतं, आणि बोट आपोआप पुढे सरकतं. म्हणून जे यंत्र घेतलं त्याला खरा रिमोट आहे आणि त्यावर आकड्यांची बटणं आहेत. एका बटणावर भीमसेनजींचे अभंग, दुसऱ्यावर सकाळचे राग, तिसऱ्यावर नाट्यसंगीत. आई चष्मा न लावता बटण दाबते आणि पोळ्या लाटायला जाते. तिच्यामुळे मीही शिकले: रिमोटवरून लावते, फोन आतल्या खोलीत ठेवते आणि पहिल्या समेच्या आत बसते.

कुणी मला विचारलं, की नेमकं काय घेऊ, तर मी कंपनीचं नाव सांगत नाही. मी सांगते, पाठ असलेला एक पूर्ण ख्याल पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. दुकानात बहुधा अर्ध्या मिनिटाचा झगमगीत तुकडा वाजवून दाखवतात. विनंती करा, की माझी फाइल लावा आणि सुरुवातीपासून लावा. आधी तंबोरा ऐका. मग आवाज रात्रीइतका खाली आणा आणि मंद्रातला षड्ज पोहोचतो का ते पाहा. विलंबिताकडून द्रुताकडे जाताना पोकळी येते का त्याकडे लक्ष ठेवा. पाऊण तास तुम्हाला निवांत बसू देणारा दुकानदार भेटला तर खरेदी त्याच्याकडेच करा, कारण ऐकायला वेळ लागतो हे त्याला ठाऊक आहे. आणि द्रुत लयीत तराणा सुरू होईपर्यंत, यंत्र कुठलं आहे याचा विचारही तुमच्या मनात आला नसेल, तर पैसे मोजा आणि ते घरी घेऊन या.